टॉवर दिसतो, पण नाव सापडत नाही

काट्यावर पावती निघायला उशीर होऊ लागला तेव्हा सगळ्यांनी आधी प्रिंटरला शिव्या घातल्या. प्रिंटर बिचारा जुना असला तरी कामाचा होता. त्याच्यापर्यंत पावती पोचतच नव्हती.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधे. दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे धानाचं वाण निवडून काढलं ते नांदेड गाव याच नागभीड तालुक्यात. इथे कोणाच्याही घरी जा, बोलणं धानावर येऊनच थांबतं. आमच्या शेतकरी गटाची छोटी राईस मिल आहे. मी तिथला हिशेब बघते, आणि ऑफिसात कॉम्प्युटरला न भिता हात लावणारी मी एकटीच, त्यामुळे त्याचं दुखणंखुपणंही माझ्याच गळ्यात.

काट्याजवळच्या खोलीत डेबियन लिनक्स घातलेला जुना डेस्कटॉप आहे. वजनकाट्याच्या इंडिकेटरची वायर त्याच्या सिरियल पोर्टात येते. ब्रह्मपुरीच्या एका इंजिनिअर पोराने पायथॉनमध्ये लिहून दिलेला प्रोग्राम वजन वाचतो, शेतकऱ्याचं नाव, वाण, कट्टे, ओलावा नोंदवतो, पावती छापतो आणि तिची एक प्रत ईमेलने पाठवतो: एक गटाच्या खात्यावर, एक नागपूरच्या सीएकडे. चुकारे देताना पावती हरवली, वजन बदललं, असले वाद या प्रतींमुळे बंद झाले. मेल म्हणजे आमच्यासाठी हौस नाही, पुरावा आहे.

इंटरनेट मात्र डोंगलवरचं. शेडच्या टोकाला बांबू, बांबूला प्लास्टिकचा डबा, डब्यात डोंगल, तिथून खाली लांबलचक यूएसबी वायर. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही वेळ तग धरते, मग टॉवर आडवा. कधी टॉवर असतो, कांड्या दिसतात, पण डेटा हलत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका.

हंगामात काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागते. एक ट्रॉली काट्यावर चढली, वजन स्थिर झालं, काटेवाल्या काकांनी बटण दाबलं, आणि स्क्रीन गप्प. रांगेतला एक जण शेवटी आत येऊन म्हणाला, "ताई, पावती निघून रायली का डिझेल आणाले पाठवू?" एका पावतीला अर्धं मिनिट म्हणजे थोडं वाटतं. पण मागे उन्हात वीस ट्रॉल्या उभ्या असल्या की तेच अर्धं मिनिट भांडणाला पुरतं.

काकांनीच मला पहिला धागा दिला. ते म्हणाले, "नेट पुरं गेलं का बराबर चालते. अर्धमुर्धं असलं तवाच अटकते." मला ते पटेना, म्हणून डोंगलची वायर उपटून बघितली. पावती टणकन बाहेर. वायर लावली, टॉवर होता पण डेटा नव्हता, पावती अडकली. काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

मग टीसीपीडम्प, म्हणजे नेटवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम, लावून बसले. ५३ नंबरच्या पोर्टवर काय चाललंय तेवढंच बघायचं, कारण नावांची चौकशी, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता विचारणं (डीएनएस), तिथून होते. स्क्रीनवर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. प्रोग्रामने मेल कंपनीच्या सर्व्हरचं नाव विचारलं, जोडीने, एक प्रश्न जुन्या तऱ्हेच्या आयपीव्ही४ पत्त्यासाठी आणि एक नव्या आयपीव्ही६ साठी. प्रश्न डोंगलकडे गेले. उत्तर नाही. बरोबर पाच सेकंदांनी तेच प्रश्न ८.८.८.८ कडे, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरकडे. उत्तर नाही. पाच सेकंदांनी परत डोंगलकडे, पाच सेकंदांनी परत ८.८.८.८ कडे. मग हार.

हे गणित लिनक्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलीत नेमसर्व्हरचे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते असतात. दुसरं काही सांगितलं नसेल तर एका सर्व्हरची वाट पाच सेकंद बघायची आणि सगळ्या यादीवरून दोनदा फिरायचं. दोन सर्व्हर, दोन फेऱ्या, प्रत्येकी पाच सेकंद म्हणजे वीस सेकंद. यातला ८.८.८.८ कोणीतरी आधी "एक बंद पडला तर दुसरा असावा" म्हणून हाताने घातलेला होता. शहरात तो शहाणपणा ठरतो. आमच्याकडे दोन्ही पत्त्यांकडे जायची वाट एकाच डोंगलमधून, त्यामुळे जास्तीच्या सर्व्हरने फक्त थांबणं दुप्पट केलं.

वायर उपटल्यावर लगेच का चालायचं, तेही यात आलं. बाहेर जायला रस्ताच नसला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथल्या तिथे "जाता येत नाही" सांगतो आणि प्रोग्राम चूक नोंदवून पावती छापायला लागतो. डोंगल जोडलेला असला की कॉम्प्युटरच्या दृष्टीने नेट चालू. आमचा डोंगल स्वतःच छोटा राउटर आहे. तो कॉम्प्युटरला १९२.१६८.८.१ हा आपला पत्ता देतो आणि टॉवर असो वा नसो, "मी आहे ना" म्हणत बसतो. लिनक्समध्ये जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजरही त्याच्यावर विश्वास ठेवून कनेक्टेड दाखवतो. प्रश्न डोंगलपर्यंत जातात आणि तिथे गडप होतात.

कधीकधी तर याहून वाईट व्हायचं. डोंगलच्या आठवणीत नावाचं उत्तर शिल्लक असलं की तो ते लगेच द्यायचा. मग प्रोग्राम त्या पत्त्यावर जोडणी करायला जायचा, आणि लिनक्स न लागणाऱ्या जोडणीसाठी मुळात दोन मिनिटांच्या वर धडपडत राहतो. पायथॉनच्या मेल मॉड्यूलला वेळेची मर्यादा सांगितली नसेल तर तोही तेवढा वेळ बसून राहतो. ज्या दिवशी काट्यावर खरोखर हमरीतुमरी झाली, तो बहुधा असला दिवस होता.

पहिला उपाय त्याच फाइलीत एका ओळीचा: टाइमआउट एक, अटेम्प्ट्स एक. वीसचे दोन सेकंद झाले. सगळे खूश. पण संध्याकाळी नेटवर्क ४जी वरून घसरून २जी वर आलं की नावाचं उत्तर यायलाच सेकंदाच्या वर लागायचं. म्हणजे नेट आहे, उत्तर वाटेवर आहे, आणि आपण दार लावून घेतलं. टाइमआउट तीन केला. हा आकडा कितीही केला तरी कोणीतरी रडणारच, हे तेव्हा लक्षात आलं. अंक कमी ठेवला तर संथ नेटवर मेल जात नाही, वाढवला तर मेलेल्या नेटवर रांग थांबते.

तोवर एका ओळखीच्या टेक्निशियनने फोनवर तोडगा सांगितला: मेल सर्व्हरचा आयपी पत्ता होस्ट्स फाइलीत, म्हणजे मशीनवरच्याच नाव-पत्त्यांच्या यादीत, टाकून द्या, विचारायचीच भानगड नको. ऐकायला सोपं. मी आधी सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा तेच नाव विचारून बघितलं. पत्ते वेगवेगळे आले, आणि उत्तर किती वेळ खरं मानायचं ती सोबत येणारी मुदत काही मिनिटांची होती. मोठ्या मेल कंपन्या पत्ते फिरवत ठेवतात, भार वाटायला आणि यंत्रं बदलायला. आज टाकलेला आकडा हंगामाच्या ऐन मध्यात मेला असता, आणि त्या दिवशी मी रजेवर असते तर होस्ट्स फाइल उघडून बघायचं कोणाला सुचलं असतं?

त्या रात्री मी प्रश्न उलटा करून बघितला. पावती छापणाऱ्या प्रोग्रामला मेल सर्व्हरचं नाव माहीत असायची गरजच काय? पत्रपेटीत पत्र टाकणारा माणूस पोस्टमन कोणत्या रस्त्याने जाणार हे विचारत उभा राहत नाही. आणि नेट नसताना नावाचा पत्ता कळला तरी त्या पत्त्यावर जाणार कोण? नाव विचारण्यात अर्थ आहे तो फक्त मेल जाऊ शकतो त्या क्षणी. त्याआधी विचारलं तर उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी शिळं होऊन जातं.

गंमत म्हणजे ईमेल लहानाची मोठी झाली तीही अशा तुटक जोडण्यांच्या काळात. यूयूसीपी या फोनवरून मेल नेण्याच्या जुन्या पद्धतीच्या दिवसांत रात्री फोन लावायचा, साठलेलं सगळं पुढच्या मशीनला द्यायचं, फोन ठेवायचा. नाव शोधायची गरज नव्हती, कारण कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनवर जायचं तो रस्ताच उद्गारचिन्हं घालून पत्त्यात लिहिलेला असायचा. डीएनएस आलं १९८३ मध्ये, पॉल मोकापेट्रिस यांचं काम. कोणत्या नावाची मेल कोणत्या मशीनने घ्यायची हे सांगणारी एमएक्स नोंद १९८६ मध्ये आरएफसी ९७४ ने ठरवली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारे कागद). आजही मेल सर्व्हर मुळात रांग लावणाराच प्राणी आहे. आपले छोटे प्रोग्रामच तेवढे नेट कायम आहे असं धरून चालतात.

तर मशीनवर पोस्टफिक्स घातलं. व्हिट्झे व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा मेल सर्व्हर १९९८ मध्ये बाहेर आला, आणि त्याच्या कागदपत्रांत डायलअप मशीनसाठी वेगळा भाग आहे. डायलअप आता कोणाकडे नाही म्हणून लोक तो भाग ओलांडून जातात. मी वाचला तेव्हा वाटलं, कोणीतरी आमच्या शेडवरचा बांबू बघून लिहिलाय.

पायथॉन प्रोग्राममध्ये एकच बदल: मेल बाहेरच्या सर्व्हरला न देता त्याच मशीनवरच्या पोस्टफिक्सला द्यायचा. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, त्यामुळे शोधायला नावच उरलं नाही. पावती आता बटण दाबताच निघते, नेट कसंही असो. काकांच्या दृष्टीने काम इथेच संपलं होतं. माझं इथून सुरू झालं.

पोस्टफिक्सला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पहिली, सगळा मेल आमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरमार्फतच जाऊ दे, ५८७ पोर्टवरून. याला रिलेहोस्ट म्हणतात. तिथे सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात लिहायचं. कंस नसले तर पोस्टफिक्स आधी त्या नावाची एमएक्स नोंद शोधतो, मग पत्ता. कंस घातले की एमएक्सची चौकशी गळते आणि सरळ पत्ता विचारला जातो. आपल्याकडे एक प्रश्न वाचणं म्हणजे खरंच काहीतरी वाचणं. फक्त पासवर्डच्या फाइलीतही ते नाव कंसासकट, पोर्टासकट, अक्षर न अक्षर तसंच हवं. नाहीतर पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही आणि मेल कंपनी दारातून परत पाठवते.

रिलेहोस्टचा आणखी एक फायदा मला वाचताना कळला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. नावाच्या चौकशीला दोन तऱ्हेचं अपयश येतं. एक, "उत्तर मिळालं नाही". दुसरं, "असं नावच नाही". पहिलं तात्पुरतं, मेल रांगेत थांबतो. दुसरं कायमचं, मेल परत येतो. आता रिचार्ज संपल्यावर किंवा नेट आजारी असताना मधलं एखादं यंत्र खऱ्या नावालाही "असं नावच नाही" म्हणालं, तर प्रत्येक मेल थेट पत्त्यावर पोचवू पाहणारा सर्व्हर चांगल्या पत्त्यांवरचे मेल परत पाठवून मोकळा होईल. रिलेहोस्टच्या नावाबाबत असं झालं तर पोस्टफिक्स ती सेटिंगची गडबड मानतो, लॉगमध्ये तक्रार लिहितो आणि मेल रांगेत ठेवतो.

दुसरी गोष्ट, मी सांगेपर्यंत बाहेर पाठवायचा प्रयत्न करू नकोस. डिफर ट्रान्सपोर्ट्स या सेटिंगमध्ये एसएमटीपी (मेल बाहेर पाठवायची वाट) लिहिलं की पोस्टफिक्स आलेला मेल घेतो, रांगेत ठेवतो आणि गप्प बसतो. रांग सोडा असा आदेश मिळाला की मगच नाव विचारायला निघतो.

इथपर्यंत छान चाललं होतं. मग ऑफिसातला विंडोज कॉम्प्युटर, ज्यावर बिलं होतात, तोही या पोस्टफिक्सला जोडला. आयपी पत्ता देऊन जोडला, नाव नाही. तरी नेट अर्धमेलं असताना बिल पाठवायला तसाच उशीर! परत टीसीपीडम्प. यावेळी प्रश्न उलटा होता. पोस्टफिक्स आलेल्या पाहुण्याचा पत्ता बघून त्याचं नाव काय ते डीएनएसला विचारत होता. ऑफिसातल्या १९२.१६८.१ वाल्या पत्त्याचं नाव बाहेरच्या जगाला कुठून माहीत असणार, पण विचारणं चालूच. यावर दोन उपाय आहेत. होस्ट्स फाइलीत आपल्या ऑफिसच्या मशीनांची नावं लिहायची, किंवा पोस्टफिक्सला पाहुण्याचं नाव विचारूच नको म्हणून सांगायचं. मी होस्ट्स फाइल निवडली, कारण मग लॉगमध्ये आकड्याऐवजी "बिलवाला" असं वाचायला मिळतं. बाहेरच्या फिरत्या पत्त्यांसाठी होस्ट्स फाइल वाईट. घरातल्या, हलत नसलेल्या पत्त्यांसाठी तिच्यासारखी सोय नाही.

आता रांग सोडायची कधी? रात्री मिलवर कोणी थांबत नाही. हा ब्रह्मपुरीच्या जंगलालगतचा पट्टा, अंधार पडल्यावर वाघाच्या भीतीने माणसं घर गाठतात. आणि नेट नेमकं रात्री बरं चालतं. म्हणजे जे व्हायचं ते आपोआपच व्हायला हवं.

नेटवर्क जोडलं गेलं की आपली स्क्रिप्ट चालवायची सोय नेटवर्क मॅनेजरमध्ये आहे. पण आमच्या डोंगलच्या थापेबाजीमुळे "जोडलं गेलं" ही घटना फक्त मशीन चालू होताना घडते, टॉवर येण्याजाण्याशी तिचा संबंध नाही. पिंग करून, म्हणजे पलीकडचं मशीन जागं आहे का विचारून, बघावं तर पिंगला उत्तर येतं आणि नावं मिळत नाहीत, असेही दिवस असतात. म्हणून जे हवंय तेच विचारून बघायचं ठरवलं. दर काही मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट मेल सर्व्हरचं नाव विचारते, एकदाच, तीन सेकंद थांबून. उत्तर आलं की रांग सोडायचा आदेश. नाही आलं तर चुपचाप बंद. डोंगलला विचारायचं नाही, तो आठवणीतलं सांगून फसवतो. सरळ बाहेरच्या सार्वजनिक नेमसर्व्हरला विचारायचं. तो उत्तर देतोय म्हणजे प्रश्न टॉवर ओलांडून गेला आणि परत आला. येणारा मेल आणायचं कामही त्याच स्क्रिप्टच्या शेपटीला बांधलं.

मधे मला अनबाउंडचा मोह झाला. हा स्वतःच्या मशीनवर चालणारा नेमसर्व्हर, मिळालेली उत्तरं लक्षात ठेवणारा. मुदत संपलेली उत्तरंही अडचणीत वापरू देण्याची सोय त्यात आहे, आणि या पद्धतीवर २०२० मध्ये आरएफसी ८७६७ निघाला आहे. मला वाटलं, तुटक नेटवाल्यांसाठीच बनवलंय. घातलं, चाललंही. ब्राउझरवाल्यांना फरक जाणवला असेल. मेलला मात्र काही फायदा नाही, कारण आम्हाला लागतं ते एकच नाव, तेही नेट असतानाच. वर वीज गेली की मशीन बंद, आणि अनबाउंडची सगळी स्मरणशक्ती साफ.

आणि मग एके सकाळी रांगेतला एकही मेल हलेना. नेट चांगलं, टॉवर चांगला, नावाला उत्तर नाही. तारीख बघितली तर मशीन काही वर्षं मागे गेलेलं. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल मेला होता, रात्री वीज गेली, सकाळी मशीन आपल्याच जुन्या काळात जागं झालं. अनबाउंड डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासतो, आणि प्रत्येक सहीला सुरुवातीची व शेवटची तारीख असते. घड्याळ चुकलेलं म्हणून सगळ्या सह्या खोट्या, म्हणून एकही नाव नाही. घड्याळ दुरुस्त करणारा प्रोग्राम वेळ विचारायला जाणार तो वेळ सांगणाऱ्या सर्व्हरच्या नावाने. ते नाव मिळायला सह्या पटायला हव्यात, सह्या पटायला घड्याळ बरोबर हवं. गोल गोल राणी! अनबाउंडमध्ये एखाद्या नावापुरती सही तपासू नको असं सांगता येतं, ती ओळ टाकली की गाठ सुटते. मी सीआर२०३२ चा नवा सेल बसवला आणि अनबाउंड काढून टाकला. सह्यांची तपासणी चांगली गोष्ट आहे, पण त्या मशीनवर तिचा भार झेपत नव्हता. सेल तसाही लागणारच होता, चुकीच्या तारखेला मेल सर्व्हरचं प्रमाणपत्रही पटत नाही.

अनबाउंड काढताना रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ परत बदलली, जास्तीचा नेमसर्व्हर उडवला. टर्मिनलवर नाव विचारलं, उत्तर आलं. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये मात्र तेच रडगाणं, नाव सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करा. आमच्या मशीनवरच्या डेबियनमध्ये पोस्टफिक्सचे काही भाग एका कोंडलेल्या फोल्डरात चालतात, त्यांना बाहेरची फाइल दिसत नाही. त्यांच्यासाठी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची एक प्रत पोस्टफिक्स सुरू होताना त्या फोल्डरात ठेवली जाते. मूळ फाइल नंतर बदलली की प्रत जुनीच राहू शकते, आणि आमची प्रत अजून काढून टाकलेल्या अनबाउंडकडेच बोट दाखवत होती. पोस्टफिक्स बंद करून चालू केलं, मेल सुटले. तुमच्याकडे टर्मिनलला नाव सापडतंय आणि मेलला नाही असं झालं तर आधी ही प्रत बघा, बाकीचं नंतर.

पावसाळ्याआधी रांगेची मुदत वाढवली. पोस्टफिक्स कोणताही मेल पाच दिवस सांभाळतो, मग परत करतो. रोवणीच्या दिवसांत झाडं पडून तारा तुटल्या की पाच दिवस कधी सरतात ते कळत नाही, म्हणून दहा केले. मेल अडकला तर पाठवणाऱ्याला कळवायची सोयही होती, ती चालू केली आणि लगेच बंद केली. "तुमचा मेल अजून गेलेला नाही" हे सांगणारा मेलसुद्धा आमच्या बाहेरच्या खात्यावर जायचा, म्हणजे त्याच रांगेत उभा राहायचा, आणि अडकलेल्या मेलच्या मागोमाग पोचायचा.

त्याऐवजी काट्याच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात रांगेतल्या मेलची संख्या दिसेल असं करून घेतलं. याची गरज माणसांमुळे पडली. पूर्वी मेल अडकला की सगळ्यांना कळायचं, कारण पावती अडकायची. आता पावती निघाली म्हणजे मेल गेला असं लोक धरून चालतात. आमच्या अध्यक्षांनी एकदा फोनवर "कालच पाठवलं ना जी" असं ठासून सांगितलं, तेव्हा ते पाठवलेलं आमच्याच डिस्कवर आराम करत होतं. आता ते आधी कोपऱ्यातला आकडा बघतात, मग फोन उचलतात.

शेवटची तक्रार मेल कंपनीच्या सर्व्हरकडून आली. दिवसभर टॉवर नसला आणि मध्यरात्री आला की साठ-साठ पावत्या एकदम सुटायच्या. तिकडचा सर्व्हर काही घ्यायचा आणि बाकीच्यांना "नंतर या" म्हणायचा. पोस्टफिक्समध्ये एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन मेलमधे अंतर ठेवता येतं. पाच सेकंद ठेवलंय. साठ मेल पाच मिनिटांत निघतात, तेवढा वेळ टॉवर बहुतेकदा टिकतो, आणि जे मागे राहतात त्यांना स्क्रिप्ट पुढच्या फेरीत नेते.